वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो, वर्तणूक.
सव्वीस वर्षं मी तिथे ‘गुड’ लिहीत आलो,
प्रयोगशाळेतला पारा ज्यानं खिशातून नेला
त्यालाही ‘गुड’.
कुबलांच्या चैतालीच्या दाखल्यावर मात्र
हेडसरांनी बोट ठेवलं.
म्हणाले, तुम्ही इंग्रजीचे, चांगला शब्द काढा.
चांगला म्हणजे, म्हणाले,
वाईट.

झालं होतं एवढंच.
स्नेहसंमेलनाला पाहुणे आले, रिसॉर्टवाले,
श्रीफळ घेऊन माईकला म्हणाले,
किनारा एकदा मोकळा झाला की निवतीचं सोनं होईल.
टाळ्या संपायच्या आत दहावीच्या रांगेतून ही उठली.
‘सायबानू, थंय आमच्यो होडयो असतत.
त्यो मगे खंय ठेवूच्यो?
तुमच्या गाडयेत?’

रात्री मी डिक्शनरी काढली.
पानांना दमट वास, मधे एक चपटी झालेली मुंगी.

रूड? पण ती ‘सायबानू’ म्हणाली होती.
चीकी हा शब्द गालांचा,
खाऊनपिऊन सुखी गालांचा,
लाडक्या नातवाला शोभेल असा.
हिच्या गालांवर खारं ऊन बसलंय.
इम्पर्टिनंट म्हणजे मुद्दा सोडून बोलणारा.
अख्ख्या संमेलनात मुद्द्याला धरून
तेवढं एकच वाक्य झालं.
ऑडेशियस तर पाहुण्यांच्याच माहितीपत्रकात,
चकचकीत कागदावर, ‘व्हिजन’ या शब्दाच्या आधी.
ओव्हरस्मार्ट स्टाफरूममध्ये आधीच निघाला होता,
चहा आणि खारी बिस्किटांबरोबर.
मीही हसलो होतो.

मराठीत सोपं होतं.
आगाऊ, उर्मट, शिरजोर, फटकळ,
डोक्यावर मिऱ्या वाटणारी.
हे शब्द भांडतात आणि
संध्याकाळी त्याच पडवीत येऊन पाणी मागतात.
इंग्रजी शब्द पाणी मागत नाही.
तो कागदावर राहतो, इस्त्रीच्या शर्टासारखा,
आणि कागद पणजीला जाणार होता, कॉलेजात.

मी लिहिलं, इन्सोलंट.
निळ्या शाईनं, वळणदार.
का, तर गावात तो कुणालाच कळला नसता.

चौथ्या दिवशी तिची आई आली.
लिलाव आटोपून थेट, हाताला बर्फ आणि बांगड्यांचा वास,
दाखला प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.
मागे दाराशी चैताली.
‘गुरुजी, सगळ्यांका चार अक्षरां,
माझ्या चेडवाक एवढा लांबलचक काय लिवलासात?’

मी खोटं बोललो. म्हटलं, धीट असा अर्थ आहे. म्हणजे, बोल्ड.

‘बोल्ड?’ तिनं पदरानं कपाळ पुसलं.
‘रेवेर पोरां क्रिकेट खेळतत,
बोल्ड झालो की बॅट टाकून घराक जातत.
म्हंजे चेडवाक आउट केलात?’

बाहेर कुणीतरी घंटेवर टोल दिला, मधल्या सुट्टीचा.
मला उत्तर सुचेना.
सव्वीस वर्षं समानार्थी शब्द शिकवले,
वहीत दोन रांगा आखून, जोड्या लावा,
आणि धीट कुठे संपतं, उद्धट कुठे लागतं,
ते ठरवणारा नेहमी
खुर्चीवर बसलेला असतो
हे कुठल्याच रांगेत नव्हतं.

तेवढ्यात चैताली पुढे आली.
दाखला तिनं टेबलावर सरळ केला, वाचला,
पुन्हा वाचला.
‘सर, स्पेलिंग चुकलंय.
एल नंतर ई पाहिजे. तुम्ही ए घातलाय.’

आणि माझ्या खिशातलं लाल पेन
न विचारता काढून
तिनं ए खोडला, वर ई लिहिला,
बाजूला लहानशी बरोबरची खूण केली,
जशी मी करतो.

मग टोपण लावून
पेन परत माझ्या खिशात,
क्लिप नीट बसवून.